प्रकाश अडला की कागद सापडला

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २९ डिसेंबर १९३१ रोजी १८,३८,३८९ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. शीर्षक होते ‘स्टॅटिस्टिकल मशीन’ आणि संशोधक होते जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातले इमॅन्युएल गोल्डबर्ग. शीर्षकावरून आकडेमोडीचे यंत्र वाटते. आतला मजकूर वाचला की कळते, हे कागदपत्रे शोधून देणारे यंत्र आहे. हजारो दस्तऐवजांची बारीक छायाचित्रे एका लांब फिल्मवर, शोधायची खूण एका कार्डावर आणि दोन्ही जुळले की विजेचा इशारा. आज आपण ज्याला संगणक म्हणतो तो तेव्हा कुठेच नव्हता. फोटोसेल, दिवा, भिंगे आणि फिल्म एवढ्याच सामग्रीवर ‘हजारो कागदांतला मला हवा तो काढून दे’ ही मागणी पुरी करण्याचा मार्ग गोल्डबर्ग यांनी दाखवला होता.

शोधयंत्रांचा इतिहास सांगताना हे नाव क्वचितच घेतले जाते. त्याचे एक कारण राजकारणात आहे, त्याकडे पुढे येऊ. दुसरे कारण असे की या माणसाला कोणत्या खणात ठेवायचे हेच लोकांना कळले नाही. लोखंडावर जस्त चढवण्याची पद्धत, करड्या रंगाची पाचर, छायाचित्राच्या छटा मोजणारे उपकरण, हातात मावणारा चलच्चित्र कॅमेरा, टिंबाएवढी छायाचित्रे आणि हे शोधयंत्र, एवढी त्यांच्या कामाची व्याप्ती. वरवर पाहता या वस्तूंचा एकमेकींशी संबंध नाही. माझे म्हणणे असे की जस्ताचे काम सोडले तर या साऱ्यांखाली एकच प्रश्न आहे: प्रकाश किती जाऊ द्यायचा, किती अडवायचा आणि हे अचूक मोजायचे कसे? शोधयंत्र हे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे. म्हणूनच ते पुस्तकांच्या जगात वावरणाऱ्याला न सुचता फोटोग्राफीच्या रसायनतज्ज्ञाला सुचले.

गोल्डबर्ग यांचा जन्म १८८१ मध्ये मॉस्कोत एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लष्करात डॉक्टर होते. मुलाला अभियंता व्हायचे होते, पण झारच्या रशियात तांत्रिक शिक्षणसंस्थांमध्ये ज्यूंसाठी जागा मोजक्याच असत. म्हणून तो मॉस्को विद्यापीठात रसायनशास्त्र शिकला. जस्त चढवण्याची विजेची पद्धत ही त्याच विद्यार्थिदशेतली. पुढे जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्या प्रसिद्ध संस्थेत रोबेर्ट लुथर यांच्या हाताखाली त्यांनी प्रकाशामुळे घडणाऱ्या रासायनिक क्रियांवर संशोधन केले आणि १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९०७ पासून दहा वर्षे ते लाइपझिगच्या मुद्रण आणि ग्रंथकलेच्या शाही अकादमीत छायाचित्रांच्या छपाईचा विभाग चालवत होते.

ही नेमणूक निर्णायक ठरली. लाइपझिग म्हणजे जर्मन पुस्तकव्यवसायाची राजधानी. तिथल्या छापखान्यांना रोज एकच अडचण येई: मूळ चित्रातल्या छटा छापील पानावर नीट उतरत नाहीत. सावल्या काळ्याठिक्कर होतात, चेहरे पांढरेफटक पडतात. अनुभवी कारागीर नजरेने सांभाळून घेत. गोल्डबर्ग यांना ते मोजमापात आणायचे होते आणि मोजायचे तर मोजपट्टी हवी.

ती मोजपट्टी म्हणजे ‘गोल्डबर्ग पाचर’. दोन काचा घ्यायच्या, एका टोकाला चिकटलेल्या आणि दुसऱ्या टोकाला किंचित फाकलेल्या. मधल्या फटीत काळा रंग मिसळलेले कोमट जिलेटिन ओतायचे. ते गोठले की एका टोकाला जवळजवळ पारदर्शक आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ काळी अशी पाचर तयार होते, आणि छटा कुठेही पायरी न पडता वाढत जाते. करडा रंग मात्र खरोखर करडा हवा. त्यात तांबूस किंवा निळसर झाक आली की मोजणी चुकते. कृती ऐकायला सोपी आहे. हे करून दाखवायला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही हातात मुरलेले असावे लागतात.

या पाचरीची खुबी समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. समजा जिलेटिनचा एक थर निम्मा प्रकाश अडवतो. त्यावर तेवढाच दुसरा थर चढवला तर प्रकाश शून्य होत नाही, उरलेल्याचा निम्मा अडतो. म्हणजे दोन थरांतून पाव हिस्सा पार जातो, तीन थरांतून अष्टमांश. जाडी बेरजेने वाढते आणि प्रकाश गुणाकाराने घटतो. आपला डोळाही उजेडातला फरक जवळपास याच रीतीने जोखतो. म्हणून पाचरीवर सारख्या अंतराने केलेल्या खुणा डोळ्याला सारख्या अंतराच्या छटा वाटतात. छायाचित्राची काच किंवा फिल्म या पाचरीमागे ठेवून एकदा प्रकाश दिला, की ती कोणत्या उजेडाला किती काळी होते याचा पूर्ण आलेख मिळतो. असे आलेख काढण्यासाठी गोल्डबर्ग यांनी ‘डेन्सोग्राफ’ नावाचे वेगळे उपकरणही बनवले.

या मोजमापांचे सार त्यांनी १९२२ मध्ये छायाचित्राच्या घडणीवर लिहिलेल्या जर्मन ग्रंथात मांडले. त्यातला एक नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. छायाचित्र नजरेसमोर येईपर्यंत अनेक टप्प्यांतून जाते: आधी निगेटिव्ह, मग कागदावरची प्रत. प्रत्येक टप्पा उजेड आणि अंधार यांतला भेद थोडा वाढवतो किंवा थोडा कमी करतो. त्या साऱ्या टप्प्यांच्या पटींचा गुणाकार एक आला, तरच शेवटचे चित्र मूळ दृश्याशी प्रामाणिक राहते. निगेटिव्हने भेद निम्म्यावर आणला असेल तर कागदाने तो दुप्पट केला पाहिजे. छापखान्यातला कारागीर जे वर्षानुवर्षांच्या सरावाने साधत होता, ते आता हिशेबाने साधू लागले.

१९१७ च्या सुमारास त्यांना ड्रेस्डेनला इका या कॅमेरे बनवणाऱ्या, त्साइस समूहातल्या कंपनीत बोलावणे आले. १९२६ मध्ये इका, एर्नेमान, गेर्त्स आणि काँटेसा-नेटेल या चार कंपन्यांचे विलीनीकरण होऊन त्साइस इकॉन जन्माला आली आणि गोल्डबर्ग तिचे प्रमुख संचालक झाले. लायकाला टक्कर देणारा काँटॅक्स हा कॅमेरा १९३२ मध्ये याच कंपनीने बाजारात आणला. पण स्वतः गोल्डबर्ग यांचा लाडका कॅमेरा होता किनामो. १९२१ चा हा चलच्चित्र कॅमेरा ३५ मिलिमीटरची फिल्म वापरी आणि तरीही एका हातात मावे. दिवसाउजेडी भरता येणारी २५ मीटर फिल्मची डबी त्यात बसे, म्हणजे साधारण सव्वा मिनिटाचे चित्रण. दोन-तीन वर्षांत त्यावर स्प्रिंगची मोटर आली. हाताने दांडा फिरवण्याची आणि त्यासाठी कॅमेरा तिपाईवर रोवून ठेवण्याची गरज उरली नाही.

नेदरलंड्सचा तरुण योरिस इव्हेन्स ड्रेस्डेनमध्ये कॅमेऱ्यांचे शिक्षण घेत असताना गोल्डबर्ग यांच्या सहवासात आला. पुढे त्याने हाच किनामो हातात धरून रॉटरडॅमच्या रेल्वेपुलावर ‘द ब्रुख’ (१९२८) आणि ॲम्स्टरडॅमच्या पावसावर ‘रेखन’ (१९२९) हे माहितीपट केले. जगभरच्या माहितीपटकारांनी ज्यांच्याकडून शिकावे अशी ही चित्रे. पावसात, गर्दीत, पुलाच्या कमानीवर चढून चित्रण करणे शक्य झाले ते कॅमेरा माणसाबरोबर हलू लागला म्हणून. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे एवढेच, की फिल्मची पट्टी भिंगापुढून एकसारख्या गतीने आणि नेमक्या जागी नेण्याचे यंत्रकौशल्य गोल्डबर्ग यांच्या हाताखाली पक्के झाले होते.

दरम्यान त्यांनी आणखी एक गोष्ट साधली होती. लहानात लहान छायाचित्र काढण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८३९ मध्येच सूक्ष्मचित्रे बनवली होती, आणि १८७०-७१ च्या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसला रेने दाग्राँ यांनी सूक्ष्मचित्रांवर उतरवलेली पत्रे कबुतरांकरवी पोहोचवली. खरी अडचण फिल्मच्या कणांची होती. नेहमीच्या फिल्मवर चांदीचे कण इतके भरड असतात की अक्षर कणापेक्षा लहान झाले की ते विरूनच जाते. गोल्डबर्ग यांनी कण जवळजवळ नसलेला कलोडियनचा लेप तयार केला. मग काम दोन टप्प्यांत केले: आधी साध्या कॅमेऱ्याने पान लहान केले आणि मग सूक्ष्मदर्शक उलटा वापरून ते आणखी आक्रसले. लहान वस्तू मोठी दाखवणारी भिंगे उलट बाजूने मोठी वस्तू लहान करतात, हे तत्त्व त्यांनी टोकाला नेले. जुलै १९२५ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण परिषदेत त्यांनी याचे प्रात्यक्षिक दाखवले. एका चौरस इंचात पन्नास बायबल मावतील एवढी ती सूक्ष्मचित्रे दाट होती. दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी साधारण अर्धा मायक्रॉन असते आणि त्याहून फार बारीक रेषा साध्या भिंगांनी उमटवता येत नाही. गोल्डबर्ग त्या सीमेच्या अगदी जवळ पोहोचले होते.

पण कागद इतके लहान केले की एक नवीनच पंचाईत उभी राहते. कपाटभर फायली एका रिळावर आल्या, आता हवा तो कागद काढायचा कसा? रीळ डोळ्यांनी पाहत बसणे अशक्य. पंच कार्डांची यंत्रे होती. हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली होती. पण त्या कार्डावर मोजकेच आकडे मावत. मूळ दस्तऐवज वेगळ्या कपाटात राही आणि तो पुन्हा हातानेच शोधावा लागे. गोल्डबर्ग यांनी खूण आणि दस्तऐवज एकाच फिल्मवर शेजारी-शेजारी ठेवले. प्रत्येक चौकटीत दस्तऐवजाचे छोटे चित्र आणि त्याच्या बाजूला त्याचा विषय, तारीख किंवा क्रमांक सांगणारी ठिपक्यांची रांग.

आता शोध. ठरावीक जागी काळा ठिपका असला तर त्या चौकटीत ठरावीक गुण आहे, असे मानू. शोधणाऱ्याने एक कार्ड घ्यायचे आणि त्याला जे गुण हवेत त्या जागी छिद्रे पाडायची. दिव्याच्या उजेडात फिल्म या कार्डासमोरून धावते आणि पलीकडे फोटोसेल डोळा लावून बसलेला असतो. एखाद्या चौकटीत हव्या त्या जागी काळा ठिपका नसेल, तर तिथल्या छिद्रातून प्रकाश पार जातो आणि फोटोसेलमधून वीज वाहत राहते. सगळ्या छिद्रांसमोर काळे ठिपके आले, की प्रकाश पूर्ण अडतो. वीज थांबते. त्या थांबण्यानेच मोजणीचा काटा पुढे सरकतो किंवा त्या चौकटीची प्रत काढण्याची यंत्रणा चालू होते.

मला ही कल्पना विलक्षण सुंदर वाटते. साधा विचार करणारा जुळणीची खूण म्हणून प्रकाश पार जाऊ देईल: जितके जुळले तितका उजेड. पण मग पाचपैकी चार गुण जुळलेली चौकट आणि पाचही जुळलेली चौकट यांतला फरक म्हणजे भगभगीत उजेडातला थोडासा कमी-जास्तपणा. त्या काळच्या फोटोसेलला वेगाने धावणाऱ्या फिल्मवर तो ओळखणे जड गेले असते. गोल्डबर्ग यांनी प्रश्न उलटा केला. आता पूर्ण जुळणी म्हणजे अंधार आणि अपुरी जुळणी म्हणजे उजेड, मग एक गुण कमी असो की चार. शिवाय ज्या गुणांविषयी शोधणाऱ्याला काही म्हणायचे नाही, तिथे कार्डावर छिद्रच नाही. तिथे फिल्मवर काहीही असो, शोधात अडथळा येत नाही. ‘हा गुण हवा आणि तोही हवा, बाकी काहीही चालेल’ ही अट आज आपण शोधपट्टीत दोन-तीन शब्द लिहून घालतो. तीच अट इथे छिद्रांनी घातली जाते.

आणि इथेच पाचरीचा माणूस उपयोगी पडतो. हे यंत्र चालायचे तर काळा ठिपका खरोखर काळा हवा. समजा कार्डाला वीस छिद्रे आहेत आणि प्रत्येक ठिपक्यातून पाच टक्के प्रकाश झिरपतो. मग सगळे जुळूनही एका उघड्या छिद्राएवढा उजेड फोटोसेलवर पडेल आणि यंत्र फसेल. ठिपक्याची घनता किती ठेवावी, ती कोणत्या फिल्मवर, किती प्रकाशाने आणि कोणत्या रसायनाने मिळते, हे आकड्यांत सांगू शकणारी माणसे त्या काळी जगात फार थोडी होती. त्यांतला एक शोधयंत्राचा कर्ता होता. सूक्ष्मचित्रांचे ज्ञान, फिल्म चालवण्याचे ज्ञान आणि छटा मोजण्याचे ज्ञान या यंत्रात एकत्र आले.

मर्यादाही उघड होती. दर शोधाला संपूर्ण रीळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवावे लागे. आजची शोधयंत्रे प्रश्न येण्याआधीच प्रत्येक शब्द कुठे कुठे आहे याची सूची करून ठेवतात आणि ऐनवेळी फक्त सूची चाळतात. निकालांचा क्रम लावण्याचे कोडेही गोल्डबर्ग यांच्यापुढे नव्हते. त्याचे गाजलेले उत्तर, लॅरी पेज यांचे पेजरँक, पेटंटसाठी दाखल झाले ते १९९८ मध्ये.

ऑगस्ट १९३१ मध्ये छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय परिषद ड्रेस्डेनलाच भरली आणि गोल्डबर्ग यांनी तिथे या यंत्रावर निबंध वाचला. पन्नाशीचे, मोठ्या कंपनीचे प्रमुख, शहरातले मान्यवर. दीड वर्षाने हिटलर सत्तेवर आला. एप्रिल १९३३ मध्ये नाझींच्या वादळी दलाच्या माणसांनी गोल्डबर्ग यांचे अपहरण केले आणि राजीनाम्यावर सही घेऊनच त्यांना सोडले. ते कुटुंबासह देशाबाहेर पडले, काही वर्षे पॅरिसला त्साइसच्याच फ्रेंच शाखेत काम केले आणि १९३७ मध्ये पॅलेस्टाइनला गेले. नाझी जर्मनीत एका ज्यू संशोधकाचे नाव कंपनीच्या गौरवगाथेत राहणे शक्यच नव्हते. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात ड्रेस्डेन शहरच बेचिराख झाले.

अमेरिकेत एमआयटीच्या व्हॅनिव्हर बुश यांनी १९३८ ते १९४० या काळात फोटोसेल आणि मायक्रोफिल्मवर चालणारे ‘रॅपिड सिलेक्टर’ बांधायला घेतले. त्यांच्यामागे कोडॅक आणि नॅशनल कॅश रजिस्टर या कंपन्यांचा पैसा होता. जुलै १९४५ मध्ये त्यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात ‘ॲज वी मे थिंक’ हा लेख लिहून ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्राचे चित्र रंगवले. तो लेख संगणकाच्या इतिहासातला मैलाचा दगड मानला जातो आणि ते योग्यच आहे. टिपणांना टिपणे जोडत जाण्याची त्यातली कल्पना बुश यांची आहे. पण फोटोसेलने मायक्रोफिल्ममधून निवड करण्याचे तंत्र अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयात १९३१ पासून प्रसिद्ध होते, आणि त्या लेखात गोल्डबर्ग यांचा उल्लेख नाही.

टिंबाएवढ्या छायाचित्रांच्या बाबतीत तर श्रेय सरळ दुसऱ्याच्या नावे लागले. महायुद्धात जर्मन हेरांनी पत्रांतल्या पूर्णविरामांच्या जागी सूक्ष्मचित्रे चिकटवून गुप्त निरोप धाडले. युद्धानंतर १९४६ मध्ये एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये लेख लिहून या तंत्राचा जनक ड्रेस्डेनचा कोणी प्राध्यापक झॅप असल्याचे सांगितले. ते नाव पुस्तकांतून पुस्तकांत फिरत राहिले. १९२५ चे पॅरिसचे प्रात्यक्षिक, तेही सर्वांसमक्ष झालेले, कोणाला आठवले नाही.

गोल्डबर्ग स्वतः तोवर तेल अवीवमध्ये नव्याने उभे राहिले होते. तिथे त्यांनी अचूक उपकरणांची प्रयोगशाळा काढली आणि युद्धकाळात ब्रिटिश सैन्यासाठी दिशादर्शकांसारखी उपकरणे बनवली. ती प्रयोगशाळा पुढे एल-ऑप या इस्राएलच्या प्रकाशीय उद्योगाचे मूळ ठरली. १९६८ मध्ये त्यांना इस्राएल पारितोषिक मिळाले आणि १९७० मध्ये तेल अवीवमध्ये त्यांचे निधन झाले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले माहितीशास्त्राचे प्राध्यापक मायकेल बकलंड यांनी त्यांचा माग काढला आणि २००६ मध्ये त्यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. माणसांच्या आठवणी विरल्या, कंपनीच्या इतिहासातून नाव गळले, शहर जळले, तरी कोणती कल्पना कोणी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या आकृतीसह मांडली हे पेटंटच्या कागदावर शाबूत होते.

त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. मजकूर आणि आकृत्या इंटरनेटवर फुकट वाचता येतात. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना मी आग्रहाने सांगेन की हे यंत्र वर्गात बांधून पाहा. एक दिवा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर प्रिंटरने छापलेले काळे ठिपके, छिद्रे पाडलेले पुठ्ठ्याचे कार्ड आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा साधा प्रकाशसंवेदक एवढे पुरते. ठिपके एका छपाईत पुरेसे काळे होणार नाहीत आणि यंत्र चुकीचे कागद उचलेल. त्याच जागी दुसऱ्यांदा छापा, आणि आधीपेक्षा किती प्रकाश अडला ते मुलांना मोजू द्या.